कडेवरचं नाव

दिवा राहू द्या तसाच, बारीक. ही गोष्ट इकडून तिकडून ऐकलेली नाही. आमच्या कोरणीवाल्याची आहे. बारा वर्षं माझ्या शेजारच्या गाळ्यात बसला. बक्षिसांच्या कपांवर नावं कोरायचा. हात असा, की भिंगातून बघितलं तरी खोट निघू नये.

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. रात्री साडेनऊला तो खिशात एक पदक घालून थोरल्या भावाकडे निघाला. वडील तिथे अंथरुणाला खिळलेले. याचे आजोबा परक्या देशाच्या लढाईत आपणहून गेले, जखमी उचलले, असं घरात सांगत आलेले. अशा बाहेरच्या मदतनिसांसाठी युद्धानंतर वेगळं पदक पाडलं होतं. सैनिकांना चांदीचं, यांना काशाचं. सैन्याच्या पटावर यांची नावं नाहीत, थडग्यांवर नाहीत. काय असेल ते या पदकाच्या कडेवर. आजोबांचं पदक कधी घरी आलंच नाही. डोळे मिटायच्या आत एकदा ते हातात घ्यायचं, एवढाच म्हाताऱ्याचा ध्यास. मग भावाने जुन्या बाजारातून दुसऱ्याच कुणाचं तरी मिळवलं आणि याच्यापुढे ठेवलं. "नाव बदल. बाबांना काय कळतंय?"

धंद्याचा एक दंडक असतो, पोरांनो. जुनं नाव घासायच्या आधी ते वहीत उतरवून ठेवायचं. याने नाही उतरवलं. पुरावा कशाला ठेवा, म्हणाला. कानस लावली, कड गुळगुळीत केली आणि वर आजोबांचं नाव कोरलं.

वडिलांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ढसाढसा रडले. याला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. पाणीसुद्धा न पिता उठला.

परतताना पावणेबारा झालेले. कालव्याकाठचा रस्ता. मागे पावलं. हा थांबला की तीही थांबायची. चोर असेल म्हणून याने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं, देऊन मोकळं व्हावं. वळून बघितलं. एक माणूस. खांद्यावर स्ट्रेचरचे पट्टे. स्ट्रेचर नव्हतं. चेहरा... चेहरा होता, पण नजर हलली की आठवत नव्हता.

तो म्हणाला, "पदक असू दे म्हाताऱ्याकडे."

याने घड्याळ पुढे केलं.

"माझं नाव काय होतं, तेवढं सांग."

याने आठवून बघितलं. सकाळीच भिंगाखाली होतं ते. पहिलं अक्षर वळणदार... पुढे...

काहीच नाही.

"चुकलं माझं," हा म्हणाला. "मी लिहून ठेवलं नाही."

समोरच्याने खांद्यावरचे पट्टे सावरले.  मग याला ओलांडून चालू लागला. याच्याच घराच्या दिशेने.

हा धावला. रस्त्यात कुणी नाही. दारात कुणी नाही. बायको जागीच होती. म्हणाली, मघापासून बाहेर घासल्याचा आवाज येतोय, मला वाटलं तुम्हीच काही करताय.

याने बॅटरी मारली. दारावरची याच्या नावाची पितळी पाटी जागेवर होती. स्क्रू हललेले नव्हते.

पाटी कोरी.

उंबऱ्यावर पितळेचा बारीक चुरा पडला होता. याने बोट लावलं... अजून कोमट होता.