चौदा नंबरची बाटली

मंगळवारी सकाळी वडिलांनी चमचा पुढे केला. मुलीने दारातच, खांद्यावरची पर्स न उतरवता, त्याला जीभ लावली.

"कसं झालंय?"

"गोड आहे," ती म्हणाली. ती नेहमी हेच म्हणायची.

वडील हसले. चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेला माणूस निवृत्तीनंतर मागच्या खोलीत टिकी बार, म्हणजे दक्षिण समुद्रातल्या बेटांच्या थाटाचा रम-पेयांचा बार, मांडून बसला होता. लाकडी मूर्तींच्या तोंडवळ्याचे मग, अकरा प्रकारच्या रम, स्वतः बनवलेली सिरपं. सिरपच्या बाटल्यांवर नावं नव्हती, फक्त नंबर. जुने टिकीवाले असंच करायचे; हाताखालच्याला कृती चोरता येऊ नये म्हणून. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी रम बंद केली, तरी बार काही बंद झाला नव्हता. मुलगी दारूला शिवत नसे. तिच्या वाट्याला सिरपचा चमचा यायचा.

"चौदा तारखेला येशील ना? वाढदिवस आहे तुझा."

"बघते. आणि ते बारचं दुकान आवरा आता, बाबा."

बुधवारी सकाळी त्यांच्या बहिणीने दार उघडलं, तेव्हा ते त्याच खोलीत खुर्चीत होते. अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

समोर दोन ग्लास होते.

"एक रिकामा, एक काठोकाठ भरलेला," शुक्रवारी मुलगी तपासनीस बाईंना सांगत होती. "सगळ्यात जहाल रमची बाटली उघडी. कृतींची वही गायब. कोणीतरी समोर बसून बाबांना पाजली. कोणी, एवढंच मला कळायला हवं. मी तेव्हापासून खोलीला कुलूप लावलंय."

तपासनीस बाईंबरोबर त्यांचे दीर आले होते. गाडी चालवणं आणि टिपणं काढणं त्यांच्याकडे. त्यांनी भरलेल्या ग्लासवर नाक नेलं. "अस्सल रम. वहिनी, चव बघू का?"

"पुरावा पिऊ नका, भावजी. लिहा."

भरलेला ग्लास टेबलावर डावीकडे होता, रिकामा उजवीकडे. बाईंनी रिकाम्या ग्लासचा वास घेतला आणि तो दिरांपुढे धरला.

"लवंग," भावजी म्हणाले. "बदाम. आणि... रम काही लागत नाही नाकाला."

सिंकच्या जाळीत उकळलेल्या चहाची पत्ती अडकली होती.

"बाबा चहा पीत नाहीत," मुलगी म्हणाली. "कॉफीच."

"म्हणजे चहावाला पाहुणा!" भावजींनी लिहून घेतलं.

कचऱ्याच्या डब्यात अर्ध्या लिंबाच्या सात पिळलेल्या साली होत्या. उलट्या केलेल्या, वाटीसारख्या. सगळ्यांचे काठ जळलेले. प्रत्येक रमच्या बाटलीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या.

"दुकानातली सवय," मुलगी म्हणाली. "काम सुरू करण्याआधी बाटलीतल्या पातळीवर रेघ. मी शाळेतून थेट दुकानात जायचे, म्हणून माहीत आहे. एखाद्या औषधाला पर्याय बनवायचा असला की मूळ नमुना डावीकडे, नवीन उजवीकडे. मग वास घेऊन रंग जुळवत बसायचे."

बाईंनी चमच्याने मोजलं. जहाल रम शेवटच्या रेघेपासून सात चमचे उतरली होती, काळी रम दोन मापं. बाकीच्या बाटल्या रेघेवर होत्या.

छोट्या फ्रिजमध्ये सिरपच्या बाटल्या होत्या. एक ते आठ, आणि मग एकदम चौदा.

"नऊ ते तेरा चोरीला गेल्या," भावजी म्हणाले.

"मोकळी जागा कुठे आहे फ्रिजमध्ये? आणि हा बर्फाचा डबा कोणाचा?"

टेबलाखाली एक डबा होता. त्यावर एका बारचा शिक्का. आत वितळलेलं पाणी.

"मंगळवारी सकाळी नव्हता," मुलगी म्हणाली. "बारवाल्या कप्तानाचा दिसतोय. दोन वर्षं बाबांच्या वहीसाठी त्यांच्या मागे लागलाय."

आत्या वरच्या मजल्यावर राहायच्या. खालच्या घराची किल्ली त्यांच्याकडेच असे.

"मला त्या बाटल्यांचा तिटकारा आहे, हे लपवून कशाला ठेवू?" त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सातला जिन्यात होते. दादा कोणाशी तरी बोलत होता. 'कसं झालंय?' असं विचारलं त्याने. दोनदा."

"समोरचा काय म्हणाला?"

"उत्तर नाही ऐकू आलं."

कप्तान म्हणजे डोक्यावरची टोपी कधी न काढणारा बारमालक. दुपारच्या रिकाम्या बारमध्ये तो लिंबं पिळत उभा होता.

"आठवडा झाला, भेट नव्हती आमची."

बाईंनी बर्फाचा डबा काउंटरवर ठेवला. कप्तानाचा हात थांबला.

"चार वाजता बर्फाचा चुरा देऊन आलो. पाच मिनिटं थांबलो असेन."

"आणि वही?"

त्याने काउंटरखालून वही काढली. "त्याने आपणहून दिली. पण आता कोण विश्वास ठेवणार? म्हणून खोटं बोललो."

"कशासाठी दिली?" मुलीने विचारलं.

"ते नाही सांगणार. शब्द दिलाय त्याला."

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं. हाच तो."

"त्याला आणि आत्यांना सहा वाजता मागच्या खोलीत बोलवा," बाई म्हणाल्या.

सहाला चौघं टेबलाभोवती उभी राहिली, पाचव्या बाई. वडिलांच्या खुर्चीत कोणी बसलं नाही.

"पाहुणा कोणी नव्हता," बाई म्हणाल्या. "भरलेला ग्लास डावीकडे आहे. तो नमुना. जुन्या कृतीने, दोन मापं काळी रम घालून केलेला. काळी रम तेवढीच कमी झालीय आणि ग्लास काठोकाठ आहे. त्याला कोणी ओठ लावलेला नाही. वास घेऊन, रंग बघून ते त्याच्याशी उजवीकडचा ग्लास जुळवत होते."

"आणि उजवीकडचा?" आत्यांनी विचारलं.

"तो ते प्यायले. त्यात रम नव्हतीच. रमचा कडवटपणा त्यांनी दाट चहातून आणला. चौदा नंबर उघडा, भावजी."

भावजींनी वास घेतला. "चहा. जळक्या साखरेचाही वास येतोय."

"मग जहाल रम कुठे गेली?" मुलीने विचारलं.

"सात चमचे, काठ जळलेल्या सात साली. पेयावर लिंबाची वाटी तरंगवून तिच्यात चमचाभर रम पेटवतात. त्यांचा हात त्यात बसला नव्हता. पोटात एक थेंब गेला नाही, सगळी जळली."

"पण दादा बोलत होता," आत्या म्हणाल्या.

"लेकीला विचारायचा सराव करत होते. हे पेय पिणारी दोनच माणसं. एकाला रमची मनाई, दुसरी तिला शिवत नाही. बाटलीवरचा चौदा हा क्रम नाही, तारीख आहे. परवाची."

मुलीने कप्तानाकडे पाहिलं. त्याने टोपी काढली.

"रमशिवाय टिकी म्हणजे सरबत, असं म्हणालो मी त्याला. हसलो. त्याने वही हातात ठेवली. म्हणाला, या सगळ्या रमच्या कृती आहेत, माझ्या आता कामाच्या नाहीत. पोरीला चौदापर्यंत बोलू नकोस." त्याने वही तिच्यापुढे सरकवली. "घे. मला नको."

तिने वही उघडली नाही.

"कृती येते तुम्हाला?"

"चव घेऊन येईल."

कप्तानाने स्वतः आणलेला बर्फ मगमध्ये भरला. लिंबाचा रस, बदाम-लवंगेचं सिरप, चौदा नंबर. वरून लिंबाची वाटी तरंगवली, तिच्यात चमचाभर जहाल रम ओतली आणि पेटवली. निळी ज्योत पहिल्याच वेळी धरली. ती विझल्यावर त्याने वाटी चिमट्याने उचलून बाजूला ठेवली.

मुलीने पर्स खांद्यावरून उतरवली आणि वडिलांच्या खुर्चीसमोर बसली. एक घोट घेतला. मग दुसरा. पेय गोड होतं, पण मागून लवंग आणि काहीतरी कडू येत होतं. त्या कडूपणामुळे गोडवा ताळ्यावर राहत होता.

कोणी काही विचारलं नाही. तिला मात्र प्रश्न ऐकू आल्यासारखा वाटला.

"छान झालंय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "अजून थोडं द्या."