चौथा रकाना

आठवण घालून घ्यायला उपाशीपोटी जावं लागतं. अमरावतीच्या स्मृतिकेंद्राबाहेर त्यामुळे सकाळीच रांग लागे, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांना आपण इथे का आलो हेच आठवत नसे.

ज्योत्स्ना ठोंबरे वडिलांना घेऊन आली होती. गुणवंतराव वनखात्यातून निवृत्त झालेले. विस्मृतीच्या आजाराने त्यांचं बरंच काही नेलं, पण मुलाची वाट बघणं तेवढं शिल्लक ठेवलं. "अवी आला का वं?" ते दिवसभर विचारत. अवी नदीत बुडून गेला होता. खरं सांगितलं की ते छाती बडवून रडत आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारत. एका बापाने एकाच मुलासाठी किती वेळा रडायचं? ज्योत्स्ना मेटाकुटीला आली होती.

"मेंदूत शिरून आम्ही काही लिहीत नाही," डॉ. खानझोडे समजावू लागल्या. "आमचा प्रोग्राम फक्त दारातून नोंद आत देतो. त्याला आम्ही स्मृतिद्वार म्हणतो. नोंद ठरलेल्या साच्यात हवी: काय झालं, कुठे, कधी, कोणामुळे. ती आत कुठे ठेवायची ते मेंदू ठरवतो."

"पण आजार तीही खाईल ना मॅडम?"

"नाही. ती कृत्रिम पेशींवर बसते. बाकी सगळं गेलं तरी ती राहील."

"आणि काढायची झाली तर?"

"आत द्यायला दार आहे. बाहेर काढायला नाही."

ज्योत्स्नाने तीन रकाने भरून दिले. चौथ्यापाशी ती थांबली. "कोणामुळेच नाही हो. पाय घसरला त्याचा."

"मग राहू द्या रिकामा. तो सक्तीचा नाही."

बाबा घाबरू नयेत म्हणून तिने त्यांचा हात धरून ठेवला. पडद्यावर अक्षरं उमटली: नोंद स्वीकारली.

त्या दिवसापासून गुणवंतरावांनी अवीची वाट बघितली नाही. ज्योत्स्नाला इतकं हलकं वाटलं की तिने शेजारी पेढे वाटले. त्याच आठवड्यात बाबांनी तिच्या हातचा चहा बाजूला सारला.

"तूच नेलं होतं न त्याले नदीवर? त्याले पोहता येत नव्हतं. तुले मालूम होतं."

"बाबा, मी तर पुण्याला होते तेव्हा!"

"खोटं काहून बोलतं वं? मले सारं आठवते."

ती धावतच केंद्रात गेली. डॉक्टरीणबाईंना फारसं आश्चर्य वाटलं नाही, याचाच तिला संताप आला.

"यंत्राला रिकामी जागा चालते, मेंदूला चालत नाही," त्या म्हणाल्या. "जवळ जे सापडेल ते तो तिथे भरतो. नोंद आत गेली तेव्हा हात तुमचा होता."

"मग दुसरी नोंद द्या! ज्योत्स्नाचा दोष नाही म्हणून."

"'दोष नाही' हे टिकत नाही. दुसऱ्या कोणाचं नाव दिलं तर टिकेल. तुमच्या आई हयात नाहीत ना? त्यांचं देऊ. त्यांना काय फरक पडणार?"

बाबा आईच्या फोटोला रोज हार घालत, तेवढं त्यांना अजून जमत होतं. ज्योत्स्ना उठली आणि घरी आली.

पुढे आजाराने आपलं काम चोख केलं. आईचा फोटो कोणाचा हे गेलं, स्वतःचं नाव गेलं, शेवटी ज्योत्स्नाचा चेहराही गेला. आता ते तिला कामाला ठेवलेली बाई समजत आणि तिच्याशी फार मायेने वागत. एका दुपारी ती त्यांना खिचडी भरवत होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू लय जीव लावतं, बाई. माह्यी पोरगी कधी आली न, तर तिले घरात घेऊ नको. तिनं माह्या अवीले मारलं."

"नाही घेणार," ज्योत्स्ना म्हणाली, आणि तिने पुढचा घास उचलला.