दानीएलाची खिडकी

छापखान्याचं दार सताड उघडं होतं. कुलूप कडीला लटकलेलं, पण कुठे ओरखडासुद्धा नाही.

'मेसेंजर' वृत्तपत्राच्या संपादिका लव्हिनिया टॉलिव्हर उंबऱ्यावरच थांबल्या. चर्चपासून ओठांवर घोळत आलेलं गाणं तिथंच विरलं. जमिनीवर छपाईच्या शिशाच्या अक्षरखिळ्यांचा सडा पडला होता. उद्याच्या अंकाचं जुळवून बांधलेलं पहिलं पान कुणीतरी उचलून आपटलं होतं. छपाईयंत्र फिरवायचा लोखंडी दांडाही गायब होता. जाहिरातींची पानं मात्र जागच्या जागी, दोरासुद्धा न सुटलेली.

"शेरीफला कळवायचं का?" सोबत आलेले पाळक जोसाया मॅब्री म्हणाले.

"ज्याच्या पोराचं नाव या पानावर होतं, त्याला?"

त्या पानावर एका विधवेची जबानी होती. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलेल्या तिच्या मुलाला शेरीफच्या मुलानं कोर्टाच्या पायरीवर लाथांनी तुडवलं, हे तिनं नावानिशी सांगितलं होतं. मंगळवारी आणखी माणसं त्याच पायऱ्या चढणार होती. अंक त्याआधी निघाला नाही, तर 'मेसेंजर'च घाबरला असं गाव समजणार, आणि मग पायरीवर पाऊल कोण टाकतंय? १९६३ सालच्या मिसिसिपीत, हॉलिसबर्गसारख्या गावात, काळ्या माणसाची बाजू छापणारं दुसरं पत्र नव्हतं.

पाळकसाहेब आले होते ते वेगळ्याच कामासाठी. दर शनिवारी ते प्रवचन लिहून छापायला देत आणि रविवारी तेच कागदावरून वाचत, शब्दाला शब्द. कॉलेजात शिकलेला तरुण माणूस तो. म्हाताऱ्या बायका पंखे हलवत खुशाल डुलक्या काढत. पण आज काय झालं, देव जाणे. प्रार्थनेवरची राजाची बंदी ऐकूनही दानीएल घरी गेला आणि खिडकी उघडी ठेवून प्रार्थनेला बसला, इथवर वाचलं आणि कागद हातातून गळाला. आवाज चढला, शब्दांचं गाणं झालं. ते गात, "खिडकी उघडी होती," आणि मंडळी उत्तर देई, "उघडीच होती, प्रभू." उपासना संपेपर्यंत सगळं चर्च त्या एका खिडकीपाशी उभं राहिलं. असं गायलेलं वचन कानी पडलं की हाडांत ऊब शिरते. आता मात्र पाळकसाहेब ओशाळले होते. दिलेलं लेखी प्रवचन परत मागायला आले होते.

किल्ल्या तिघांकडे. एक लव्हिनियाबाईंकडे, दुसरी खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या रूफस कीनकडे, तिसरी जाहिराती आणणाऱ्या आणि प्रूफं तपासणाऱ्या क्लेमंट यान्सीकडे. बाईंनी दोघांनाही तातडीनं बोलावून घेतलं.

रूफस आला तो मासळीचा वास घेऊनच. विखुरलेले खिळे पाहून त्यानं टोपी काढली, मयताच्या घरी काढावी तशी.

"सकाळी कुठे होतास, रूफस?"

"नदीवर."

"रविवारी?"

"देवाला ठाऊक आहे, बाई. मासेही साक्ष देतील, पण ते आता कढईत आहेत."

तेवढ्यात क्लेमंट आला. कडक इस्त्रीचा सूट, हातात बायबल. जमिनीकडे पाहून तो मटकन स्टुलावर बसला. हे शेरीफच्याच माणसांचं काम, असं म्हणाला. मग रूफसकडे बघून हळूच म्हणाला, "नाहीतर चर्च बुडवणाऱ्यांचं."

"तू होतास चर्चमध्ये?" बाईंनी विचारलं.

"शेवटच्या बाकावर, दाराशी. बायकोला बरं नव्हतं म्हणून संपताच निघालो." तो पाळकांकडे वळला. "पाळकसाहेब, राजा दानीएलाला सिंहांच्या गुहेत टाकतो आणि देवदूत येऊन सिंहांची तोंडं बंद करतो ना, तिथं माझे डोळे भरून आले."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. बाईंनी एका नजरेत ते मिटायला लावलं.

"तेव्हा पाळकसाहेबांच्या हातात काय होतं, क्लेमंट?"

"कागद. नेहमीसारखाच."

बाईंनी पर्समधून घडी पडलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"हा मी व्यासपीठाखालून उचलला. निम्म्यावरच गळून पडला होता. शेरीफची माणसं आली असती तर त्यांनी दार फोडलं असतं, जाहिरातींसकट सगळं जाळलं असतं. इथं किल्लीनं दार उघडलंय आणि नेमकं एकच पान मोडलंय. म्हणजे माणूस आपल्यातला. रूफस चर्चला नव्हता आणि नव्हतो म्हणाला. तू होतो म्हणालास. पण आज सिंह आलेच नाहीत, क्लेमंट. दानीएल खिडकीपाशीच राहिला, गोष्ट गुहेपर्यंत पोचलीच नाही. सिंह फक्त शनिवारच्या प्रूफात होते, आणि प्रूफ तू वाचलंस. हे नेहमी कागदच वाचतात, म्हणून आजही वाचतील असं तू धरून चाललास. आज पाळकसाहेब गायले, रे."

क्लेमंटनं बायबल मांडीवर घट्ट धरलं.

"शेरीफकडचे लोक माझ्या बायकोची, जिनिव्हाची, शाळेतली नोकरी घालवतो म्हणाले," तो अखेर म्हणाला. "एवढा एक अंक थांबव म्हणाले."

"दांडा?"

"गाडीत आहे. सीटखाली."

बाईंनी हात पुढे करून त्याची किल्ली घेतली. मग जमिनीकडे बोट दाखवलं. "पान तू सांडलंस, तूच वेच. जुळवायला आम्ही आहोत."

संध्याकाळपर्यंत त्या कडक सुटाचे गुडघे शिशानं काळे झाले होते.

सोमवारी सकाळी रूफसनं दांडा बसवला आणि सवयीनं खिडक्या लावायला निघाला. समोरच शेरीफची कचेरी, म्हणून छपाईच्या दिवशी त्या नेहमी बंद असत.

"राहू दे उघड्या," बाई म्हणाल्या.

यंत्र धडधडू लागलं. समोरच्या ओसरीवर शेरीफचा मुलगा येऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. एवढ्यात दारात जिनिव्हा यान्सी आली, शाळेची पिशवी खांद्याला. तिनं पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या.

"नोकरी माझी," ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही."

ओल्या शाईचे अंक उचलून तिनं खिडकीतल्या टेबलावर घेतले आणि समोरच्या ओसरीकडे तोंड करून एकेक घडी घालू लागली.