राखेच्या हौदावरचा पत्रा

"बुडालं!" ठेंगणीची धाकटी आतेबहीण शेपूट किंचाळली.

राखेच्या निवळीत, म्हणजे राखेतून गाळलेल्या पाण्यात, सोडलेलं अंडं पुन्हा तळाशी जाऊन बसलं होतं. आईच्या वेळी ते तरंगायचं! अंडं तरंगलं म्हणजे निवळ कडक. मग ती निवळ तेलात ओतून आई साबण घोटायची. आई गेल्यापासून मात्र चार कढया नासल्या होत्या. "साबण तिच्याबरोबरच गेला," म्हणत बाबांनी कढई विकायला काढली. संध्याकाळी भंगारवाला येणार होता.

"जाळतो त्या केळीच्या साली त्याच, राख तीच. मग बिघडलं काय?" सुट्टीला आलेला आतेभाऊ पंडित डोकं खाजवत म्हणाला.

"आईचा हात नाही," म्हणताना ठेंगणीला रडूच फुटलं.

"अंड्याला काय कळतंय कुणाचा हात ते!" पंडितची बहीण शेपूट मागच्या दारातून ओरडली. "अय्या, हे गवत बघा!"

मागे साबणाची राख साठवायचा हौद होता. सगळीकडे हिरवंगार गवत, पण हौदाच्या भेगेखाली जळालेला पट्टा!

"पाऊस आत शिरला आणि राखेचा कस इथून वाहून गेला!" पंडित म्हणाला. "हौदाला झाकण नव्हतं?"

होतं. मोठा पत्रा होता. तो कुठे आहे हे ठेंगणीला एकदम आठवलं. अंगणात आईची सायकल उभी होती, तिच्यावर! आई गेली त्याच आठवड्यात बाबांनी तो तिथे टाकला होता.

"बाबांना आत्ता काही बोलायचं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "आधी अंडं तरंगवू."

तिघांनी माळ्यावरच्या सुक्या साली जाळल्या, राख भिजवली, दुपारभर फडक्यातून गाळली. भंगारवाल्याने हाक मारली तेव्हा बाबा कढईपाशी आले.

"बाबा, एकदाच बघा!"

नव्या निवळीत सोडलेलं अंडं टुणकन वर आलं.

"अंड्याचं टक्कल दिसलं!" शेपूट नाचायला लागली.

"हे कसं जमलं?" बाबांनी विचारलं. ठेंगणीने आधी भेगाळलेल्या हौदाकडे, मग सायकलीवरच्या पत्र्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे मीच..." बाबा पत्र्यापाशी गेले. "तिची सायकल भिजू नये म्हणून..."

"माहितेय, बाबा."

भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला. "शाब्बास पोरांनो," बाबा म्हणाले. "मला धड दिसतच नव्हतं रे काही." पत्रा उचलून त्यांनी हौदावर टाकला.

"आणि सायकल?"

"ती आता तू चालव."

पण ठेंगणीचे पाय पेडलला पोचेनात. बाबांनी पाना आणला. सीटखालचा नट सैल केला. मग त्यांनी सीट आईच्या उंचीवरून हळूहळू खाली आणली, आणि दोघंही रडली.