रविवारची तोंडीलावणी

भाजीवालीच्या टोपलीत लाल कोबीचा एकच गड्डा उरला होता. मी त्यावर हात ठेवला आणि माझ्या हातावर आणखी एक हात पडला. गार, पावसाने ओला, बोटांवर भाजल्याचे बारीक डाग असलेला.

"माझा आधी होता," मी म्हणाले.

"होता खरा," तो म्हणाला आणि हात काढून घेतला… पण जरा सावकाशच. केसांतून पाणी ओघळतंय आणि हा बाबा हसतोय! "कशासोबत करणार?"

"रोस्ट पोर्कसोबत."

"मग ती गोड सफरचंदं राहू द्या. आंबट घ्या. पोर्कला आंबटच शोभतं."

"मी विचारलं तुम्हाला?"

"नाही विचारलं. मला आपलं राहवलं नाही."

अतिशहाणा! मी मुद्दाम गोडच सफरचंदं घेतली आणि तरातरा निघाले. पण घरी पोचेपर्यंत हातावरचा तो गारवा काही जाईना.

मी आणि आत्या मिळून एक लहानशी खानावळ चालवतो. म्हणजे चालवते आत्या, राबते मी. रविवारी आमच्याकडे रोस्ट पोर्कचं जेवण असतं. मला लहानाची मोठी केली ती आत्यानेच, याच स्वयंपाकघरात. आता तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, आणि एक चपलावाला ती जागा दुकानासाठी मागत होता. मला मात्र ते स्वयंपाकघर हवं होतं. जीव तुटेल इतकं हवं होतं.

"या रविवारी तोंडीलावणं तुझं," आत्याने फर्मान काढलं. "पोर्क भाजायला मी माणूस आणलाय. ताटं रिकामी परत आली तर स्वयंपाकघर तुझं. नाही आली, तर सोमवारी चपलावाल्याला होकार."

आत्या गिऱ्हाइकाला 'जेवण कसं होतं' असं कधीच विचारत नाही. तोंडावर सगळे गोडच बोलतात म्हणे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि परत आलेलं प्रत्येक उष्टं ताट डोळ्यांखालून घालते. काय उरलं, किती उरलं, कशाला नुसतं बोट लावून सोडलं… सगळं तिला तिथे कळतं.

"हा तो आचारी," ती म्हणाली. "रविवारपर्यंतच आहे हं. सोमवारपासून मोठ्या हॉटेलात लागलाय."

दारात कोण असावं? बाजारातला तोच शहाणा!

"कोबी मिळाला ना?" त्याने विचारलं. मी कोबी धाडकन ओट्यावर आपटला.

पण त्याला काम करताना पाहिलं आणि माझा राग हळूहळू पाघळायला लागला. मांसाची साल तो फडक्याने टिपून टिपून कोरडी करायचा, सुरीने तिच्यावर बारीक चिरा पाडायचा, चिमटीने मीठ चोळायचा. घाई नाही, आदळआपट नाही. ओव्हनच्या दाराशी कान नेऊन साल तडतडायला लागली की नाही ते ऐकायचा. इतका देखणा कान मी आजवर पाहिला नव्हता, आता हसायचं तर हसा.

चवीसाठी त्याने छोटासा तुकडा भाजला. मी सात पदार्थ मांडून ठेवले होते.

"एका नवरदेवामागे सात करवल्या?" तो म्हणाला.

"मग? जेवण थाटाचं नको?"

"नवरदेव दिसला तर पाहिजे ना!"

तो पोर्कचा घास घ्यायचा, मग एकेक तोंडीलावणं, आणि डोळे मिटून चावत राहायचा. लोण्यातल्या गाजरांवर म्हणाला, "छान झालीत. पण पोर्कही मऊ नि तेलकट, हीसुद्धा तशीच. दोघं नुसतं हो ला हो करतायत. कुणीतरी भांडायला हवं."

"भांडायचं काम मला जमतं."

"ते दिसलंच बाजारात."

मग लाल कोबीची पाळी आली. माझ्या गोड सफरचंदांनी त्याचा पार मुरंबा केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हा बोलणार, 'मी म्हटलं नव्हतं?'… पण नाही. त्याने पिशवीतून आंबट सफरचंदं काढली, ओट्यावर ठेवली आणि बटाटे सोलायला बसला. बरोबर असूनही गप्प बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्या घराण्यात तसं कुणी झालेलं नाही.

शेवटी उरला आत्याचा फ्लॉवर. घट्ट पांढऱ्या रश्शात बुडवून भाजलेला, तिने स्वतः शोधलेला, दर रविवारी पानात असणारा. त्याने एक घास खाल्ला. डोळे मिटले नाहीत. मग भलतंच विचारलं.

"तुमच्याकडे पोर्कचे काप इतके पातळ का हो?"

"त्याचं असं आहे… ताटात फ्लॉवर उरतो. आत्याला वाटतं, पोर्कनेच लोकांची पोटं भरतात. म्हणून ती काप पातळ करत गेली. तरी फ्लॉवर उरतोच. मग आणखी पातळ."

त्याने फडक्यात तोंड खुपसलं. खांदे गदागदा हलत होते. मलाही हसू फुटलं, आणि दोघं ओट्याला धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

"आणि हे तिला कुणीच सांगितलं नाही?"

"मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?"

"रविवारचं तोंडीलावणं कुणाचं आहे?"

माझं हसू तिथेच थांबलं. फ्लॉवर ठेवला तर ताटं भरलेली परत येणार, आणि स्वयंपाकघर जाणार. नाही ठेवला तर आत्याच्या जिवाला लागणार. ज्या हातांनी मला भरवलं, त्याच हातांचा तो फ्लॉवर…

"माझ्यावर ढकला," तो हळूच म्हणाला. "मीच नको म्हटलं म्हणून सांगा. सोमवारी मी तर जाणारच आहे."

"काही गरज नाही. माझं भांडण मी भांडते."

"हेच ऐकायचं होतं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा पाहत राहिला की मला उगीचच बटाटे मोजावेसे वाटले.

रविवारी आम्ही तीनच गोष्टी केल्या. पोर्कच्याच चरबीत भाजलेले बटाटे, आंबट सफरचंद घालून शिजवलेला लाल कोबी, आणि मोहरी लावलेली फरसबी. शहाण्याने पोर्कचे जाड, दणदणीत काप पाडले. बाहेर पाऊस पागोळ्यांवरून टपटपत होता, आत आमचे खांदे एकमेकांना लागत होते, आणि बाजूला व्हावं असं दोघांनाही सुचत नव्हतं.

पहिलं ताट परत आलं. लख्ख. दुसरं, तेही लख्ख. एकाने तर पावाने पुसून घेतलं होतं. आत्या दारात उभी राहून पाहत होती, आणि तिच्या भुवया चढत चालल्या होत्या.

"फ्लॉवर कुठाय गं?"

"केला नाही, आत्या."

"बाजारात मिळाला नाही का?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. शेगडीपाशी शहाण्याचा हात थांबला.

"मिळत होता, ढिगाने होता," मी म्हणाले. "लोकांना आवडत नाही गं तो. पोट भरतं म्हणून नाही उरत… आवडत नाही म्हणून उरतो."

आत्या स्टुलावर बसली.

"तुलाही नाही आवडत?"

"मलाही नाही."

"मग लहानपणी मागून मागून खायचीस ती?"

"तू करायचीस म्हणून."

तिने पदराने नाक पुसलं. मग एकदम तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की काय, म्हणून मी धावले, तर ही हसत होती! "आणि मी मेली पोर्क पातळ करत बसले! अगं, कागद झाला असता त्याचा आणखी दोन वर्षांत!" मग ती गुडघे धरून उठली. "चपलावाल्याला सांग, दुसरीकडे बघ म्हणावं."

"मी सांगू?"

"मग कोण? स्वयंपाकघर तुझं. आता कोण राहणार, कोण जाणार, तेही तूच बघ." जाता जाता तिने शेगडीकडे एक तिरपा कटाक्ष टाकला आणि गिऱ्हाइकांत गेली.

तो सुऱ्या पुसून कापडात गुंडाळत होता.

"अभिनंदन, मालकीणबाई."

"मोठं हॉटेल आहे म्हणे तुमचं."

"आहे ना. पोर्क एकजण भाजतो, कोबी दुसराच कुणी करतो. दोघांची ओळखही नसते."

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. नेमकी आत्ताच अडली. "इथे… आचाऱ्याची जागा आहे," मी कसंबसं म्हणाले.

"आचारी म्हणून नाही थांबणार मी."

"मग?"

"जिच्याशी रोज भांडावं… तिचा कुणीतरी म्हणून थांबलो असतो. पण तशी जागा तुम्ही काढलेलीच नाही."

निर्लज्ज! कानाच्या पाळ्या लाल झालेल्या आणि बोलणं बघा! पण आत्याला खरं सांगून मी जिवंत राहिले होते. आणखी एक खरं सांगायला काय हरकत होती?

"ऐक," मी म्हणाले. तुम्हीचं तू कधी झालं मलाच कळलं नाही. "मला तू आवडतोस. डोळे मिटून खातोस ते आवडतं, ओव्हनला कान लावतोस ते आवडतं. आणि बरोबर असून गप्प बसतोस, ते तर फारच आवडतं. जाऊ नकोस."

तो आता खरंच गप्प होता. नुसता पाहत होता. मग म्हणाला, "पुन्हा म्हण ना…"

"एकदाच म्हणत असते मी."

तेवढ्यात बाहेरून आत्याची हाक आली. "अगं, लोक अजून कोबी मागतायत! आणि त्या पोराचं काय ठरलं? जेवायला त्याचं पान मांडू की नको?"

मी तोंड उघडायच्या आत त्यानेच ओरडून सांगितलं.

"मांडा, आत्या!"

आठवडाभर तो तिला बाई म्हणत होता. बाहेर आत्याने पान जोरात टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.