हौदाला पाणी कोण मारतं

लाइट गेली तशी गावच्या सोसायटीच्या ओट्यावरची पोरं मोबाइल खिशात घालून आबासाहेबांजवळ सरकली.

"आबा, भुताचं सांगा की," शहादेव म्हणाला.

आबासाहेबांनी तंबाखू मळली. "भुताचं मला येत न्हाई. मुंजाजीचं सांगतो. त्यानं सोता सांगितलंय मला, ह्याच तलवाड्याच्या रोडला."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. मुंजाजी गावच्या सहकारी दूध केंद्रावर दूध मोजायला होता. जनावरं छावणीला गेली, दूध बंद झालं, केंद्राला कुलूप लागलं. चैत्र संपत आलेला. अशात एका मंगळवारी तो गेवराईला गेला आणि अर्धी गोणी सिमेंट आणि पाणी झिरपू नये म्हणून त्यात मिसळायची एक पुडी घेऊन एसटीत चढला.

"दुष्काळात बांधकाम काढलं काय?" कंडक्टरनं विचारलं.

"हौद नीट करायचाय."

"पाणी कुठंय हौदात टाकायला?"

मुंजाजीनं गोणी पायाशी ओढून घेतली.

त्याच्या अंगणातला हौद दोन वर्षांपासून फुटका होता. बुडापासून कंबरेएवढी भेग. पाणी भरलं की सकाळपर्यंत मातीत. बायको सिंधुबाई म्हणायची, "तेवढी भेग बुजवा. टँकर आला की भरून ठिवू." तो म्हणायचा, करू, करू. साठवायला जागा नाही म्हणून रोज विहिरीवर जावं लागायचं. टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि अख्खं गाव काठावर तुटून पडायचं. त्यांची रेणू आईबरोबर जायची. सहावीत होती. एक दिवस आईला ताप, म्हणून ती एकटीच घागर घेऊन गेली. रेटारेटीत कुणाचा तरी धक्का लागला... पोर आत गेली. पाणी फार नव्हतं. खाली दगड होता.

त्याला महिना झाला होता.

मुंजाजीनं गोणी अंगणात टेकवली तेव्हा सिंधुबाई उंबऱ्यात बसलेली होती. तिनं गोणीकडं बघितलं.

"आता कोनासाठी?"

एवढंच. पोर गेल्यापासून त्या दोघांत बोलणंच उरलं नव्हतं.

गावचा गवंडी बद्रीनाथ पुण्याला कामाला गेलेला. त्यानं फोनवर समजावलं, "दादा, वरून लिंपू नका, ते टिकत न्हाई. आधी छिन्नीनं भेग खोला. त्वांडाला अरुंद, आत रुंद, म्हंजी माल धरून बसतो. माती झाडून काढा, कडा वल्ल्या करा, मग माल दाबून भरा. आन् आठ दिस पाणी मारा. पाणी न्हाई मारलं तर परत फुटंल."

मुंजाजीनं तसंच केलं. उन्हात हौदात उकिडवं बसून छिन्नी मारली. वाळू चाळली, पुडी मिसळली, माल कालवला. थापीनं नाही, बोटांनी दाबून भरला. बोटांची सालटं गेली. शेवटी भेगेवर गोणपाट लावलं आणि तांब्याभर पाणी शिंपडलं. घरात दोन घागरी उरल्या होत्या, त्यातलंच.

दुसऱ्या दिवशी बुधवारी दिवसभर ऊन भाजत होतं. गोणपाट वाळून कडक झालं. आणखी पाणी मागायला त्याची जीभ उचलली नाही.

गुरुवारी पहाटे तो हौदाशी गेला, तर गोणपाट निथळत होतं.

त्याला वाटलं, सिंधुबाईनं टाकलं असेल. आपल्या प्यायच्या पाण्यातलं. त्यानं गोणपाट भेगेवर नीट दाबून बसवलं. शुक्रवारी पहाटेही तसंच. तेव्हा चुलीपाशी बसलेली सिंधुबाईच म्हणाली, "टँकरचा पत्ता न्हाई. प्यायाचं पाणी तिथं कावून वतता?"

"मी कुठं वततो? तूच..."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. महिन्याभरात पहिल्यांदा.

सिंधुबाई उठली. घागरी पाहिल्या. संध्याकाळी होत्या तेवढ्याच भरलेल्या.

ती शुक्रवारची रात्र. चैत्री अमावास्या. दोघंही झोपले नाहीत. दार उघडं टाकून आत, अंधारात बसले. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. वारा नव्हता.

मध्यरात्र उलटली असावी.

अंगणात पावलं वाजली. अनवाणी. हलकी... पण अंगावर ओझं असल्यासारखी, रेटत टाकलेली.

पाणी डचमळलं.

घागर दगडावर टेकली. टण्...

मग एक दमलेला श्वास. लहान पोराचा.

मुंजाजीनं डोळे फाडून बघितलं. चांदण्यांच्या अंधुक उजेडात हौद दिसत होता. हौदाशी कुणीच नव्हतं.

छप्... छप्... कुणी ओंजळीनं पाणी मारत होतं.

सिंधुबाई उठायला लागली. त्यानं तिचा हात धरला.

"रेणू..." ती म्हणाली. "जड हाय गं ती घागर."

छप्... थांबलं.

...

परत सुरू झालं. छप्... छप्...

मुंजाजीला हुंदका आवरेना. त्याची पोर मेल्यावरही पाणी वाहत होती. त्याच विहिरीवर जात होती, अंधारात, एकटी. रोज जाणार होती.

"बास कर बाळा," तो म्हणाला. "पक्कं झालं आता. भेग बुजली. तुझ्या बापानं बुजवली... नको जाऊ आता हिरीवर. न्हाई जायाचं. दमलीस. जा... नीज जा."

शांत.

मग पावलं. दारापर्यंत आली. उंबऱ्याशी थांबली.

सिंधुबाईनं दोन्ही हात पुढं केले. अंधारात, नुसते.

पावलं वळली. गेली.

"कावून जा म्हनलात?" सिंधुबाईनं त्याच्या छातीवर मुठी मारल्या. "माझं लेकरू आलतं... घरला आलतं... कावून जा म्हनलात?"

मुंजाजीनं तिला आवळून धरलं. ती उजाडेपर्यंत रडत होती. तोही.

आबासाहेब थांबले.

"मग?" शहादेवनं विचारलं.

"मग काय. रातचं पाणी मारायला पुन्हा कुणी आलं न्हाई. भेगही पुन्हा उकलली न्हाई."

पण त्या सकाळी मुंजाजी हौदात वाकला, तर बुडाशी वीतभर पाणी होतं. गार, निवळ. तो तसाच विहिरीवर धावला. टँकर नव्हताच आलेला. विहिरीचा तळ उघडा पडलेला, गाळ वाळून त्याच्या खपल्या झालेल्या. थेंब नव्हता.

परत आला, तर सिंधुबाई हौदाच्या काठाला धरून उभी होती. त्या वीतभर पाण्यात करंगळीएवढा एक मासा फिरत होता. जिवंत.

तिनं घरातून भाकरीचा तुकडा आणला, बोटांनी बारीक कुस्करला आणि अगदी हळू, तो बिचकू नये म्हणून, पाण्यावर सोडला.