फोटोत नसलेली बाई

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. घडलं ते सांगते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आणि एक आधीच सांगते. रात्र नव्हती. भर दुपार होती. लख्ख ऊन, तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, खाली रस्त्यावर हॉर्नचा नुसता कलकलाट. भुताला शोभेल असं तिथे काहीच नव्हतं.

हे घडलं माझ्या थोरल्या वहिनीच्या बाबतीत. बरंचसं तिने सांगितलेलं आहे. पण एक भाग मी माझ्या कानांनी ऐकलाय. तो ऐकला नसता तर मीही तुमच्यासारखीच हसले असते.

वहिनी वेबसाइट बनवते. ऑफिसात माणसं तिघंच. साहेब, पानांचं रंगरूप ठरवणारा डिझायनर, आणि प्रत्यक्ष एचटीएमएलचा कोड लिहिणारी वहिनी. त्या सुमारास दादाची नोकरी गेली होती. घर सगळं वहिनीच्या पगारावर चाललं होतं. त्यामुळे साहेबांपुढे ती तोंडाला कुलूप घालून काम करायची. एरवी आमची वहिनी नाकावर माशी बसू देणारी नव्हे.

तिची एक सवय होती. पान पूर्ण झालं की ती डोळे मिटून खुर्चीत मागे टेकायची आणि ते पान कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायची. ज्यांना दिसत नाही ती माणसं अशीच वेबसाइट ऐकतात. मजकूर वाचला जातो आणि फोटो आला की त्याचं वर्णन वाचलं जातं. हे वर्णन कोडमध्ये लिहावं लागतं. डोळस माणसाला ते पानावर दिसतच नाही. म्हणून बहुतेक जण लिहीत नाहीत.

वहिनी लिहायची. प्रत्येक फोटोचं.

"झालं का ध्यान?" डिझायनर विचारायचा.

"झालं. तुझी अक्कल काही दिसली नाही त्यात," वहिनी म्हणायची.

त्या आठवड्यात ऑफिसातला कोड एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्रॅम, अपग्रेड झाला. नवीन रूप, नवीन सोयी. कोडमधली खूण, म्हणजे टॅग, उघडला की आपोआप बंद व्हायचा. डावीकडे कोड लिहावा तसं उजवीकडे पान तिथल्या तिथे दिसायचं. कुठली ओळ कुणी लिहिली ते त्या ओळीच्या शेजारी बारीक अक्षरांत यायचं. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे, फोटो टाकला की एडिटर स्वतःच तो बघून त्याचं वर्णन लिहायचा.

"उद्या माझ्या वाटचं जेवूनही घेईल," वहिनी म्हणाली.

पहिल्याच दिवशी त्याने एका फुलदाणीला कोंबडी ठरवलं. ऑफिसभर हसाहस. त्यामुळे पुढे जे झालं, ते सुरुवातीला कुणालाच विचित्र वाटलं नाही.

काम आलं होतं एका लॉन्ड्रीचं. गल्लीतली नव्हे, हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणारी, मोठाले हॉल असलेली. मालकाला एका इस्पितळाचं काम मिळवायचं होतं, म्हणून वेबसाइट. पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत त्याला एकच वाक्य हवं होतं.

"आमच्याकडे आजवर एकही अपघात नाही."

फोटो त्याने स्वतः काढून घेतले होते. रिकामे हॉल, चकाचक यंत्रं. घामेजलेली माणसं नकोत म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं होतं म्हणे.

वहिनीने पहिला फोटो टाकला. चादरींना इस्त्री करणारं भलंमोठं यंत्र, त्याचे लांबलचक रोलर, बाजूला स्टीलच्या ट्रॉल्या. माणूस एकही नाही.

एडिटरने वर्णन लिहिलं...

"इस्त्रीच्या यंत्राजवळ एक बाई उभी आहे."

वहिनी हसली. कोंबडीच्या पंगतीत आणखी एक! तिने ओळ पुसली आणि स्वतः लिहिलं, "इस्त्रीचं यंत्र आणि रिकामा हॉल."

दुसरा फोटो. धुण्याची यंत्रं.

"धुण्याच्या यंत्रांसमोर एक बाई उभी आहे. गळ्यात निळा रुमाल आहे."

तिने फोटो मोठा करून पाहिला. कोपरान् कोपरा. बाई नव्हती. निळं तर काहीच नव्हतं.

तिसरा फोटो. घड्या घालायची टेबलं.

"टेबलाजवळ एक बाई उभी आहे. गळ्यातल्या निळ्या रुमालाची गाठ उजव्या खांद्यावर आली आहे. डाव्या हाताची बाही रिकामी लोंबते आहे."

आता मात्र वहिनी हसली नाही.

डिझायनर जेवायला गेला होता. साहेब बाहेर होते. डोक्यावर पंखा फिरत होता. खाली हॉर्न वाजत होते.

मग हॉर्न ऐकू येईनासे झाले.

एक-एक करत नाही. एकदम. कुणी खिडकी लावून घ्यावी तसं. वहिनीने वळून पाहिलं. खिडकी सताड उघडी होती. खाली गाड्या चालल्याही होत्या... आवाजाशिवाय.

आणि वास आला. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री टेकवल्यावर येतो तो.

तिने पहिल्या फोटोवर परत जाऊन पाहिलं. तिने लिहिलेली ओळ तिथे नव्हती.

"इस्त्रीच्या यंत्राजवळ एक बाई उभी आहे. ती वाट पाहते आहे."

तिने ओळींच्या शेजारची बारीक अक्षरं पाहिली. तिच्या स्वतःच्या ओळींपुढे तिचं नाव होतं. एडिटरने लिहिलेल्यांपुढे "सुचवलेलं" असं होतं.

या ओळीपुढे काहीच नव्हतं. कोरं.

दुसरी कुणी असती तर पाचावर धारण बसून पायऱ्या उतरली असती. वहिनीला राग आला. खरंच राग आला, असं ती आजही सांगते. आधीच घरी ती परिस्थिती, संध्याकाळी काम द्यायचं, आणि त्यात हे.

"हे बघा बाई," ती मोठ्याने म्हणाली, "पान माझं आहे. इथे मी लिहिणार. काय पाहिजे ते सरळ सांगा, नाहीतर मला काम करू द्या."

काही झालं नाही. तिने ओळ पुसली.

ओळ परत आली.

तिने पुन्हा पुसली. पुन्हा आली. तिने ती नवीन सोयच बंद करून टाकली. तरी आली. एकेक अक्षर, सावकाश... एका हाताने टाइप करणाऱ्याचा वेग असतो ना, तसा.

ते अक्षरांचं रेंगाळणं पाहिलं आणि वहिनीचा राग उतरला. त्याच्या जागी भीती आली. तिने सरळ लॉन्ड्रीत फोन लावला. तिथल्या सुपरवायझरने उचलला.

"फोटो काढले तेव्हा हॉलमध्ये कुणी बाई होती का हो? गळ्यात निळा रुमाल असलेली?"

"कुणी नव्हतं. मी स्वतः दार लावलं होतं."

"डाव्या हाताची बाही रिकामी..."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात, "हाताचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

आणि फोन कट.

त्याच क्षणी खालचे हॉर्न परत सुरू झाले. पंख्याची घरघर ऐकू आली. वास गेला.

वहिनीने ते पान पुन्हा वरपासून पाहिलं. वर मोठ्या अक्षरांत मालकाचं वाक्य, एकही अपघात नाही. त्याखाली ते रिकामे हॉल.

तिने वर्णनं पुसली नाहीत. तिन्ही फोटोंची, जशीच्या तशी राहू दिली. "त्याचं वाक्य त्याच्या जागी, तिचं तिच्या जागी," ती मला म्हणाली. "त्याला बोलायचा हक्क आहे, मग तिला का नाही?"

संध्याकाळी मालकाने पान पाहिलं. चकाचक यंत्रं, मोठं वाक्य. खूश झाला. त्याला दिसणार तरी काय होतं? पान सुरू झालं.

यानंतरचं मी स्वतः ऐकलंय.

सुट्टीची सकाळ होती. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात होतो. वहिनीचा मोबाइल वाजला. वेबसाइटबद्दल काही अडचण आली तर पानाच्या तळाशी तिचाच नंबर दिलेला असायचा. हात पिठाचे होते म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

"लॉन्ड्रीचं पान तुम्ही केलंत का हो, ताई?"

"हो. बोला ना, आजी."

"मला दिसत नाही. माझा फोन वाचून दाखवतो सगळं. लेकीनेच शिकवलंय. त्या लॉन्ड्रीत कामाला होती ती." म्हातारी थांबली. "लॉन्ड्रीवाले म्हणाले, काम सोडून गेली. कुठे गेली माहीत नाही म्हणाले. कुणाबरोबर तरी गेली असेल, असंही म्हणाले. माझी लेक मला न सांगता शेजारच्या दुकानात जात नव्हती हो."

वहिनीचे हात पिठातच थांबले.

"काल तुमचं पान ऐकलं. निळा रुमाल म्हणाला फोन. गाठ उजव्या खांद्यावर म्हणाला. ती गाठ मी मारायचे, कामावर जाताना. मला अंदाज येत नाही ना, म्हणून कायम एका बाजूला जायची. ती तशीच ठेवायची. लोक हसले तरी सरळ करायची नाही." म्हातारीचा आवाज भरून आला, पण त्यात आनंद होता. तोच मला सहन होईना. "म्हणजे ती आहे ना तिथे? अजून तिथेच कामाला आहे ना? तुम्ही पाहिलंत ना तिला?"

वहिनीने पिठाच्याच हाताने फोन जवळ ओढला.

"फक्त एक चुकलंय बघा तुमचं," म्हातारी म्हणाली. "डावी बाही रिकामी आहे म्हणतो फोन. तेवढं नीट करा. दोन्ही हात होते हो तिला."

वहिनी रडत होती, पण आवाज तिने खणखणीत ठेवला.

"आजी, खोटं बोलणार नाही. मी तिला पाहिलेलं नाही. ती कुठे आहे मला माहीत नाही. पण ते कुणाला माहीत आहे, ते मला कळलंय. उद्या मी तुम्हाला घ्यायला येते. आपण दोघी जाऊन विचारू."

ती गेलीही. लॉन्ड्रीच्या फाटकावर म्हातारीचा हात धरून उभी राहिली. आत घेतलं नाही, तर तिथूनच पोलीस चौकीत गेली. तक्रार घेईनात, तर बाकावरून उठली नाही. शेवटी घेतली, पानावरच्या वर्णनांसकट.

मालकाचा फोन साहेबांना गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब वहिनीच्या टेबलापाशी आले.

"ती वर्णनं आत्ताच्या आत्ता काढा."

"मी नाही काढणार."

"घरची परिस्थिती विसरलात का तुम्ही?"

"नाही विसरले. तरी नाही काढणार. तुम्हीच काढा ना, साहेब. ही घ्या खुर्ची."

साहेब बसले. त्यांनी तिन्ही ओळी पुसल्या. तिन्ही परत आल्या, त्याच सावकाश चालीने. त्यांनी पुन्हा पुसल्या. डिझायनर मागे येऊन उभा राहिला होता. आज त्याला विनोद सुचत नव्हता.

मग खालचे हॉर्न बंद झाले...

आणि कॉम्प्युटर वाचू लागला. आवाज बंद होता, स्पीकरची वायर काढलेली होती, तरी वाचू लागला.

"टेबलाजवळ एक माणूस बसला आहे. तो मला पुसतो आहे."

साहेब ताडकन उठले. खुर्ची मागे आपटली. त्यांनी फक्त "बंद करा, सगळं पानच बंद करा" एवढं म्हटलं आणि केबिनचं दार लावून घेतलं.

वहिनीने बॅग उचलली. कुणी काढून टाकायच्या आधीच ती निघाली. जाताना केबिनच्या दारावर टकटक करून म्हणाली, "साहेब, पान बंद कराल. तिला कुठे बंद कराल?"

पुढे तो सुपरवायझर चौकीत जाऊन बोलला, की अपघात झाला होता आणि मालकाने तो दडपला होता. इस्त्रीचं ते यंत्र खोललं गेलं. काय सापडलं ते मी लिहिणार नाही. म्हातारी आजी हे वाचून घेत असतील. एवढंच सांगते की मालकाचं ते वाक्य आता कुठेही नाही, आणि खटला उभा राहिला आहे.

एडिटर बनवणाऱ्यांना वहिनीने सगळं कळवलं होतं. त्यांचं नम्र उत्तर आलं, ही सोय फक्त फोटोत जे आहे त्याचंच वर्णन करते.

वहिनी आता घरून काम करते. कामं कमी, ओढाताण आहे, पण मान वर आहे. एडिटर तोच वापरते. ती सोय तिने मुद्दाम सुरू ठेवली आहे. मी खूप सांगून पाहिलं, बंद कर गं ते.

"का बंद करू?" ती म्हणते. "आपल्याला दिसत नाही म्हणून कुणी नसतंच का?"



मागच्या महिन्यात तिला स्वतःच्या वेबसाइटसाठी आमच्या बैठकीच्या खोलीचा फोटो हवा होता. रिकाम्या खोलीचा, तिच्या टेबलाचा. फोटो मी काढला. माझ्या फोनमध्ये आहे. ती रोज मागते, हसते, भित्री म्हणते.

मी अजून दिलेला नाही.